एआयचं चित्र खरंच क्रिएटिव्ह आहे का, हे स्वतः तपासून कसं बघायचं

एआयनं काढलेलं एखादं चित्र समोर आलं की दोन प्रकारची माणसं लगेच बोलायला लागतात, एक म्हणतात हे सगळं चोरलेलं आहे यात कसली आलीय कला, आणि दुसरे म्हणतात झालं, आता चित्रकारांची गरजच संपली. मी गेली बरीच वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढते, माझं घर त्यावर चालतं, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि म्हणूनच दोन्हीकडची घाई मला खटकते, कारण यातल्या बहुतेकांनी स्वतः बसून काहीच तपासलेलं नसतं. आणि तपासता येतं की. चित्र बनवणारं एखादं टूल, एक वही, एक पेन्सिल आणि दोन संध्याकाळी एवढंच लागतं. मी कसं केलं ते सांगते, तुम्हीही करा, मग तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आलं तरी चालेल.

पहिली गोष्ट, "एआय क्रिएटिव्ह आहे का" हा एवढा मोठा प्रश्न घेऊन बसू नका. तो १८४३ पासून चालू आहे, एडा लव्हलेस या इंग्लिश गणितज्ञ बाईंनी तेव्हाच लिहून ठेवलंय की चार्ल्स बॅबेजनं आखलेलं हिशेबाचं यंत्र, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरचा पूर्वज, स्वतःहून काही नवं निर्माण करायचा दावा करत नाही, आपण सांगू तेवढंच ते करतं, आणि १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञानं त्यावर उत्तर दिलं की मला तर यंत्रं सारखीच चकित करत असतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात ना, म्हणून तर वाद संपत नाही. त्यापेक्षा एक चित्र घ्या, एकच, आणि विचारा की हे चित्र असंच का झालं, दुसरं का नाही झालं, आणि ते कुणी ठरवलं. पुढचं सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

चित्र येतं कुठून

हे समजून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका, नाहीतर सगळं जादू तरी वाटतं नाहीतर चोरी तरी. आजची बरीचशी टूल्स डिफ्यूजन नावाच्या पद्धतीवर चालतात. ट्रेनिंगच्या वेळी खऱ्या चित्रांवर थोडा थोडा नॉइज टाकत जातात, सिग्नल गेल्यावर टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तसा, आणि मॉडेलला, म्हणजे टूलच्या आतल्या शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवतात की यात कुठल्या मुंग्या टाकलेल्या आहेत ते ओळख. हे इतक्या वेळा करतात की शेवटी त्याला नुसत्या मुंग्या दिल्या आणि सोबत शब्द दिले तरी ते त्या शब्दांशी जुळेल असं काहीतरी त्यातून टप्प्याटप्प्यानं साफ करत बाहेर काढतं. २०२२ मध्ये आलेल्या लायन-५बी नावाच्या संग्रहात अशा ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांच्या लिंक होत्या, आणि त्याच वर्षी आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे मॉडेल त्यातल्याच काही भागावर शिकलेलं होतं. त्या मॉडेलची फाइल मात्र साधारण चार जीबीची, म्हणजे दर चित्रामागे हिशेब केला तर दोन-चार अक्षरांएवढीही जागा येत नाही. म्हणून "आत सगळी चित्रं भरून ठेवलीत आणि कापून चिकटवतात" हे बरोबर नाही.

पण थांबा, "काहीच कॉपी होत नाही" हेही खरं नाही. २०२३ मध्ये संशोधकांनी स्टेबल डिफ्यूजनच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेली साडेतीन लाख चित्रं निवडली, प्रत्येकाच्या मजकुरावरून पाचशे पाचशे चित्रं बनवून घेतली आणि त्यात शंभराच्या आसपास मूळ चित्रं जवळजवळ जशीच्या तशी परत आली. प्रमाण लहान आहे पण ज्याचं चित्र परत आलं त्याच्यासाठी ते शंभर टक्केच आहे. त्यामुळे कुठल्याही एआय चित्राला क्रिएटिव्ह म्हणायच्या आधी ते इमेज सर्चमध्ये टाकून बघायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता पहिला प्रयोग. सुरुवातीच्या मुंग्या कशा असतील ते ठरवणारा सीड नावाचा आकडा तुमच्या टूलमध्ये बदलता येत असेल तर तो एकच ठेवा आणि तोच प्रॉम्प्ट, म्हणजे आपण टूलला दिलेले शब्द, त्याच सेटिंगमध्ये दोनदा चालवा. तेच चित्र येतं. मग फक्त सीड बदला, प्रॉम्प्टमध्ये एक अक्षरही बदलू नका, आणि वीस चित्रं काढा. सगळी वेगळी येतील आणि एखादं तरी असं येईल की तुम्ही म्हणाल वा, हे कसं सुचलं याला. ते सुचलेलं नाही, सुरुवातीच्या मुंग्या वेगळ्या होत्या एवढाच त्या दोन चित्रांमधला फरक. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा वाईट वाटलं होतं, मग लक्षात आलं की कागदावर शाई सांडून त्या डागातून आकार शोधणारे चित्रकारही योगायोगाचाच हात धरतात, फक्त तिथं डागाकडे बघून "हा ठेवू" म्हणणारं कुणीतरी बसलेलं असतं. इथं ते कोण आहे हे शोधायचंय.

घड्याळाचा प्रयोग

हा माझा सगळ्यात आवडता. टूलला सांगा, भिंतीवरचं गोल घड्याळ काढ, त्यात सहा वाजून वीस मिनिटं झालेली हवीत. बऱ्याच मॉडेलांनी माझ्यासमोर दहा वाजून दहा मिनिटं दाखवली, पुन्हा सांगितलं तरी दहा दहा, आकड्यात लिहिलं तरी दहा दहा, "काटे खाली हवेत" म्हटलं तर एक काटा खाली आला आणि दुसरा दोनच्या आकड्यावर तसाच चिकटून. कारण साधं आहे, घड्याळांच्या जाहिरातीत काटे कायम दहा दहावर ठेवतात म्हणजे मधलं कंपनीचं नाव झाकलं जात नाही आणि दिसायलाही बरं दिसतं, आणि नेटवर घड्याळांचे फोटो म्हणजे बहुतेक जाहिरातींचेच फोटो. नवीन मॉडेलं यात सुधारत चाललीत, तुमच्या टूलनं बरोबर वेळ दाखवली तर डाव्या हातानं लिहिणारा माणूस मागा, नाहीतर काठोकाठ भरलेला वाइनचा ग्लास मागा, कुठंतरी ती ओढ दिसेलच.

त्या ओढीकडे नीट बघा. मॉडेलला जे जास्त वेळा दिसलंय तिकडं ते घरंगळतं, उतारावरच्या पाण्यासारखं. माणसाचंही होतं हो हे, कुठल्याही लहान मुलाला चित्र काढ म्हटलं तर दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी, आपण सगळ्यांनी तेच काढलंय. पण एखादं मूल एक दिवस खिडकीतून बाहेर बघतं आणि म्हणतं की इथं डोंगरच नाहीये, आणि समोरच्या पाण्याच्या टाकीचं चित्र काढतं. मला विचाराल तर क्रिएटिव्ह असणं तिथं सुरू होतं, उताराच्या उलट्या बाजूला पहिलं पाऊल पडतं तिथं. मॉडेलला खिडकी नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं की डोंगर नकोत.

याचाच एक मोठा पुरावा चित्रांबाहेरचा आहे. २०२४ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, त्यात काही लोकांना छोट्या गोष्टी लिहायला एआयकडून कल्पना घेऊ दिल्या आणि काहींना नाही. ज्यांनी घेतल्या त्यांची एकेक गोष्ट वाचणाऱ्यांना जास्त चांगली वाटली, पण त्या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर एकमेकींसारख्या होत्या. म्हणून हा नियमच करा, एकच चित्र बघून निकाल देऊ नका, एका विषयाची तीस-चाळीस एआय चित्रं एका स्क्रीनवर पसरून बघा. "एकाकी माणूस" मागा आणि मोजा किती जणांची पाठ आपल्याकडे आहे, किती जण खिडकीशी आहेत, कितीजणांवर निळा उजेड पडलाय.

बोडेनबाईंची चाळणी

मार्गारेट बोडेन या ब्रिटिश अभ्यासक होत्या, त्यांनी १९९० मधल्या पुस्तकात क्रिएटिव्ह कशाला म्हणायचं त्याची जी चाळणी दिलीय ती अजून मला कामाची वाटते. गोष्ट नवी हवी, चकित करणारी हवी आणि तिला काही मोल हवं. नवी म्हणजे कुणासाठी नवी हेही त्यांनी वेगळं केलं, माझ्यासाठी पहिल्यांदा आणि सगळ्या जगात पहिल्यांदा हे दोन वेगळे. आणि तीन प्रकार सांगितले. एक म्हणजे ओळखीच्या दोन गोष्टींची अनोळखी जोडी लावणं, हे एआय हवं तेवढं करून देतं, व्हायोलिनच्या आकाराचं जहाज मागा, सेकंदात हजर. दुसरा म्हणजे एखाद्या शैलीचे नियम पाळून तिच्यातले न गेलेले कोपरे धुंडाळणं, तेही बऱ्यापैकी करतं, आणि ते करत नाही म्हणणाऱ्यांनी खरंच वापरून बघितलेलं नसतं असं माझं मत आहे. तिसरा म्हणजे नियमच मोडून नवी जागा उघडणं, आणि इथं मात्र गाडी अडते.

हा तिसरा तपासायला डोक्यातल्या डोक्यात एक प्रयोग करा. समजा एका मॉडेलला फक्त १९०० पर्यंतची चित्रं दाखवली, पुढचं काहीच नाही. ते १९०७ नंतर पिकासो आणि ब्राकनं जे केलं, एकच वस्तू एकाच वेळी चार बाजूंनी, ते काढेल का? मला वाटतं लाखात एखादं चित्र चुकून तसं दिसेलही. पण ते त्याला चूक म्हणूनच बाजूला टाकेल, कारण शिकलेल्या नजरेला ते बिघडलेलं चित्र दिसणार. ही शैली, म्हणजे क्यूबिझम, घडली ती वाकडं चित्र निघालं म्हणून घडली नाही ना, त्या वाकड्या चित्रापाशी थांबून, हेच हवंय आणि पुढची काही वर्षं मी हेच करणार असं म्हणणारी माणसं होती म्हणून घडली.

इथं कुणीतरी अल्फागोचं, म्हणजे गो हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमचं, उदाहरण देतं आणि ते द्यायलाच हवं. मार्च २०१६, कोरियाचा नामांकित गो खेळाडू ली सेडोल याच्याविरुद्धची दुसरी मॅच, सदतिसावी चाल. माणूस ती खेळेल याची शक्यता दहा हजारात एक असं त्या प्रोग्रॅमचं स्वतःचंच गणित होतं, तरी तो ती खेळला आणि मॅच जिंकला. बघणारे आधी म्हणाले चुकलं, मग गप्प झाले. मी त्या चालीला बिनदिक्कत क्रिएटिव्ह म्हणते. पण गोच्या पटावर जिंकलो की हरलो हे यंत्राला स्वतःला कळतं, हजारो डाव स्वतःशी खेळून ते माणसाच्या सवयीपलीकडे जाऊ शकतं. चित्रात जिंकणं म्हणजे काय? मॉडेलला चांगलं-वाईट शिकवतात ते पुन्हा माणसांनी दिलेल्या मार्कांवरून, म्हणजे पुन्हा बहुतेकांना काय आवडलं तेच.

वही काढा

आता मुख्य काम, यालाच खरा वेळ द्या. टूल घेऊन एक चित्र बनवायला बसा, पण असं काहीतरी जे तुम्हाला मनापासून हवंय, आणि प्रत्येक वेळी वहीत तीन गोष्टी लिहा: काय मागितलं, काय आलं, त्यातलं काय ठेवलं नाहीतर टाकलं आणि का. "का" लिहिल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही.

मी आजोबांची खुर्ची करायला बसले होते. आजोबा नाहीत आता. लाकडी खुर्ची, तिच्यावर त्यांचा चष्मा, संध्याकाळचा उजेड. पहिल्याच झटक्यात चित्र आलं आणि देखणं आलं, पण ती कुणाचीही खुर्ची होती. चष्मा नीट घडी करून ठेवलेला, चकचकीत. आजोबांच्या चष्म्याची उजवी काडी तुटलेली होती आणि ती त्यांनी काळ्या दोऱ्यानं गुंडाळून बांधली होती, दोऱ्याचं एक टोक नेहमी बाहेर आलेलं असायचं आणि वाचताना ते बोटानं ते टोक फिरवत बसायचे. मी लिहिलं, काडीला काळा दोरा. आली चष्म्याला अडकवायची फॅन्सी दोरी. मी लिहिलं, मोडलेली काडी दोऱ्यानं बांधलेली. आली फुटलेली काच. चाळीसेक वेळा तरी केलं असेन, वहीची सहा पानं भरली, आणि प्रत्येक वेळी टाकताना मी काय टाकतेय ते मला जास्त स्पष्ट होत गेलं.

पण त्याच चाळीसात एक असंही आलं ज्यात खुर्चीची बैठक मधोमध थोडी खोलगट दाखवली होती, वर्षानुवर्षं कुणीतरी बसून झिजल्यासारखी. मी ते मागितलं नव्हतं. माझ्या लक्षातही नव्हतं. आणि ते बघितल्याबरोबर मला आठवलं की हो, त्यांची खुर्ची अशीच झिजली होती. ते चित्र मी ठेवलं, चष्म्याचा भाग पुसला आणि तो दोरा स्वतः पेन्सिलनं काढून स्कॅन करून बसवला.

मग या चित्रातलं क्रिएटिव्ह काम कुणाचं? वही वाचून उत्तर देता येतं. खोलगट बैठक मॉडेलनं दिली, आजोबांशी ती मी जोडली. दोरा माझा, तो मॉडेलकडे नव्हताच. चौकट आणि उजेड मॉडेलचे, मी नुसती हो म्हटलं, तिथं माझं श्रेय फार नाही आणि मी घेणारही नाही. असं तुकड्यातुकड्यानं बघितलं की एकदम "हो" किंवा "नाही" म्हणायची गरजच पडत नाही. तुमच्या वहीत "का" च्या रकान्यात सारखं "छान दिसतंय" एवढंच येत असेल तर प्रामाणिकपणे मान्य करा की तुम्ही निवड केलीत, चित्र केलं नाहीत. निवड करण्यात काही कमीपणा नाही, पण तिला तिच्या नावानं ओळखा.

दुसऱ्याचं चित्र तपासताना

तीच वही समोरच्याकडे आहे असं समजून विचारायचं. तुम्ही काय टाकलंत, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि ज्यानं खरंच काम केलंय तो माणूस यावर अर्धा तास बोलतो. दुसरं, यातलं काय बदललं तर हे चित्र तुमचं राहणार नाही. या दोन प्रश्नांत बहुतेक सगळं कळतं. चित्रातल्या हातांची बोटं मोजून एआय ओळखायच्या नादी लागू नका, आधी एआयला बोटं नीट जमायची नाहीत पण ती युक्ती जुनी झाली, आणि तसंही २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन यांचं एआयनं बनवलेलं चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका विभागात जिंकलं, मग त्यांनी स्वतःच उभं राहून बक्षीस नाकारलं की हा फोटो नाहीये. नजर फसते. विचारलेलं बरं.

तीन गाजलेली उदाहरणं या प्रश्नांतून काढून बघा, चांगला सराव होतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावघरानं "एडमंड डी बेलामी" नावाचं चित्र ४,३२,५०० डॉलरला विकलं, अंदाज होता फक्त सात ते दहा हजारांचा. पॅरिसच्या तीन जणांच्या गटानं ते चौदाव्या ते विसाव्या शतकातल्या साधारण पंधरा हजार पोर्ट्रेट्सवर शिकवलेल्या मॉडेलमधून काढलं, सहीच्या जागी गणिताचं सूत्र टाकलं, आणि नंतर बोभाटा झाला तो याचा की वापरलेला बराचसा कोड रॉबी बॅरॅट या तरुण कलाकारानं आधीच सगळ्यांसाठी खुला ठेवलेला होता. इथं निर्णय कुणाचे हे शोधायला लागलं की माझ्या हाताला सगळ्यात ठोस लागते ती सहीची कल्पना. दुसरं, २०२२ चं कोलोरॅडो स्टेट फेअर, जेसन अ‍ॅलन यांचं मिडजर्नी या एआय टूलवरचं चित्र डिजिटल विभागात पहिलं आलं, त्यांचं म्हणणं की किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलून ते झालं. आकडा मोठा आहे पण मला त्या ६२४ मागची कारणं बघायला आवडतील, कारण सहाशे वेळा फासे टाकणं आणि सहाशे वेळा नाही म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं उदाहरण हॅरल्ड कोहेन. हा चित्रकार माणूस, १९६६ मध्ये व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनाला ब्रिटनकडून गेलेला, नाव झालेलं, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी तो प्रोग्रॅमिंग शिकायला बसला. एरन नावाचा त्याचा प्रोग्रॅम चित्रं काढायचा, पण इंटरनेटवरच्या कोट्यवधी चित्रांवरून शिकून नव्हे, आतली आकृती कशी बंद होते, पुढची वस्तू मागच्याला कशी झाकते, माणसाचा हात कुठून वळतो असे नियम कोहेननं एकेक करून त्यात लिहिले होते. २०१६ मध्ये मरेपर्यंत तो हेच करत राहिला. मधल्या काळात एरन रंगही स्वतः भरायचा आणि शेवटी शेवटी कोहेननं ते काम पुन्हा आपल्याकडे घेतलं. चाळीसहून जास्त वर्षं एक माणूस आपण चित्र काढतो म्हणजे नेमकं काय करतो हे यंत्राला समजावून सांगत बसला, मला यापेक्षा क्रिएटिव्ह काही क्वचितच दिसलंय, आणि यात कॉम्प्युटर पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

कायदा काय म्हणतो तेही अंदाजासाठी बघून ठेवा, निकालासाठी नको. अमेरिकेत १८८४ मध्येच सुप्रीम कोर्टानं ऑस्कर वाइल्डच्या एका फोटोबद्दल सांगितलं की फोटोग्राफरनं पोज, कपडे, उजेड ठरवला म्हणून तो लेखकच, कायद्याच्या भाषेत लेखक म्हणजे कलाकृतीचा निर्माता. २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं एका कॉमिकमधल्या मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिलं पण एआयच्या चित्रांना नाही दिलं, अ‍ॅलन यांनाही नाही मिळालं, आणि २०२५ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की लेखक माणूसच हवा. म्हणजे तेही आपल्यासारखंच तुकडे करून बघताहेत.

फोटोग्राफीवरून आठवलं, "कॅमेरा आला तेव्हाही लोक असेच ओरडले होते" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ओरडले होतेच, फ्रेंच कवी बोदलेअरनं १८५९ मध्ये फोटोग्राफीला फार कडक शब्दांत झापलंय. पण तुलना अर्ध्यापर्यंतच धरा. फोटोग्राफर त्या जागी उभा होता, त्यानं ते डोळ्यांनी बघितलं, आणि त्याच्या कॅमेऱ्यात दुसऱ्या चित्रकारांची मेहनत भरलेली नव्हती. एआयच्या बाबतीत ती भरलेली आहे, बऱ्याचदा न विचारता, आणि एखादं चित्र कितीही क्रिएटिव्ह ठरलं तरी तो हिशेब वेगळाच उरतो. हे दोन प्रश्न मिसळू नका, मीही फार दिवस मिसळत होते आणि रागाच्या भरात चांगल्या चित्रांनाही वाईट म्हणत होते.

आणि वहीची ती पानं फेकू नका. तारीख घालून फोटो काढा आणि चित्राच्या फाइलच्या शेजारीच त्याच फोल्डरमध्ये ठेवा, माझ्या खुर्चीच्या फोल्डरमध्ये चाळीस टाकलेली चित्रं, सहा पानं आणि दोऱ्याचं ते पेन्सिलचं चित्र एकत्र आहेत, कुणी विचारलं तर मी आधी तेच उघडते.